कॉलेजच्या लॅबमधलं वितरित संगणन फाउंड्रीला विकण्याजोगं कसं करावं

सांगली-मिरज-कुपवाड, पलूस, कराडजवळचं तासवडे, सातारा, शिरवळ या पट्ट्यात फाउंड्री (धातू ओतून सुटे भाग बनवणारे कारखाने) आणि मशीन शॉप भरपूर आहेत. त्याच पट्ट्यात सांगलीचं वालचंद महाविद्यालय (१९४७) आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांच्यापासून अलीकडच्या खासगी संस्थांपर्यंत अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. प्रत्येकाकडे वीस-तीस संगणकांच्या कितीतरी लॅब असतात आणि संध्याकाळी सहानंतर त्या कुलूपबंद असतात. वितरित संगणनावरचे (एक काम अनेक संगणकांवर वाटून करण्यावरचे) एम.टेक. आणि पीएच.डी.चे प्रकल्प याच यंत्रांवर चालतात, प्रबंध सादर होतो, आणि तिथेच काम थांबतं.

ते थांबण्याचं कारण तंत्रज्ञानात फारसं नसतं. प्रबंधात 'वीस यंत्रांवर काम इतक्या पटीनं वेगात झालं' एवढं सिद्ध केलं की पुरतं. फाउंड्रीच्या मालकाला वेगाचा आलेख नको असतो. उद्या सकाळी आठला पॅटर्न शॉपला (साच्याचा नमुना बनवणाऱ्या विभागाला) रायझरचा (थिजताना आकसणाऱ्या धातूला भर घालणाऱ्या जादा साठ्याचा) व्यास सांगायचा आहे आणि तो आकडा बरोबर असायला हवा, एवढंच त्याला हवं असतं. खाली लिहिलेला प्रत्येक निर्णय 'सकाळी आठ' आणि 'बरोबर' या दोन शब्दांवरून घेतलेला आहे. उदाहरण कास्टिंग सिम्युलेशनचं, म्हणजे ओतलेला धातू साच्यात कसा थिजेल हे संगणकावर आधी पाहण्याचं आहे, पण गिअरच्या ताणाचं विश्लेषण असो किंवा तासगावच्या द्राक्षबागांचे ड्रोन-नकाशे, पद्धत हीच राहते.

आधी मालकी

कोड कोणाचा, हे पहिल्या ग्राहकाकडे जाण्याआधी कागदावर यायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर 'साहित्यकृती' धरलं जातं. नोकरीचा भाग म्हणून प्राध्यापकानं लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, संस्थेचा. विद्यार्थी मात्र नोकर नसतो, त्यामुळे त्यानं लिहिलेला भाग त्याचाच राहतो. चार बॅचच्या विद्यार्थ्यांनी हात लावलेला सॉल्व्हर (गणना करणारा प्रोग्राम) असेल तर चारही बॅचची लेखी संमती लागते. ती आज मिळवणं सोपं असतं. ते विद्यार्थी पुण्या-बेंगळुरूला पांगल्यावर फार अवघड होतं.

हक्क हस्तांतराच्या कागदावर मुदत आणि प्रदेश या दोन गोष्टी लिहाच. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरतेच मानले जातात. अनेक कागद नेमके इथे लंगडे पडतात.

पेटंटमागे सुरुवातीलाच पैसा घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट देत नाही. यंत्र किंवा प्रक्रियेत खरोखर नवं काही असेल तर पेपर छापण्याआधी पेटंट वकिलाला दाखवा, कारण एकदा छापलं की नावीन्य गेलं.

मग मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांची यादी करा. यंत्रांना कामं वाटून देणारं एचटीकाँडॉर अपाचे २.० परवान्याखाली आहे, तिथे अडचण नाही. प्रवाह आणि उष्णतेची गणना करणारं ओपनफोम जीपीएल ३ खाली आहे. ते आपल्या यंत्रावर चालवून फक्त अहवाल विकला तर कोड देण्याचं बंधन येत नाही, पण तेच ग्राहकाच्या कार्यालयात बसवून दिलं की आपण केलेल्या बदलांचा कोडही त्याला द्यावा लागतो. ड्रोन-नकाशांसाठीचं ओपनड्रोनमॅप एजीपीएल खाली आहे. त्यात बदल करून इंटरनेटवरून सेवा दिली तर वापरणाऱ्याला कोड उपलब्ध करून देणं भाग आहे.

सगळ्यात धोक्याची जागा वेगळीच आहे. कॉलेजनं घेतलेल्या कास्टिंग किंवा एफईए (ताणाच्या विश्लेषणाच्या) सॉफ्टवेअरचा शैक्षणिक परवाना व्यावसायिक कामाला चालत नाही. 'एवढ्या एका जॉबला कोण बघतंय' म्हणून ते वापरलं तर संस्थेचा सगळा परवाना अडचणीत येतो, आणि ग्राहकाला दिलेल्या अहवालाच्या कोपऱ्यात शैक्षणिक आवृत्तीचा शिक्काही उमटू शकतो. स्वतःचा सॉल्व्हर, मुक्त सॉल्व्हर किंवा रीतसर विकत घेतलेला व्यावसायिक परवाना, एवढेच तीन मार्ग आहेत.

काम कुठलं निवडायचं

वितरित संगणनाला पचणारं काम म्हणजे एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तुकड्यांचं काम. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालनं १९६७ मध्ये मांडलेला हिशोब इथे अजून तंतोतंत लागू पडतो. कामाचा १० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर वीस यंत्रं लावूनही वेग सातपटीपलीकडे जात नाही. शिवाय एकच मोठं सिम्युलेशन वीस यंत्रांवर पसरलं तर प्रत्येक पायरीला यंत्रांना एकमेकांशी बोलावं लागतं. साध्या गिगाबिट नेटवर्कवर प्रत्येक संदेशाला दहा-वीस मायक्रोसेकंद किंवा जास्तच लागतात. इन्फिनीबँड या खास वेगवान नेटवर्कवर ते एक-दोन मायक्रोसेकंदांत होतं, पण कॉलेजच्या लॅबमध्ये ते नसतं आणि या कामासाठी घेऊही नये.

म्हणून सिम्युलेशन फोडू नका. पर्याय फोडा. एका कास्टिंगसाठी ओतण्याची चार तापमानं (१३६०, १३८०, १४०० आणि १४२० अंश सेल्सिअस), रायझरचे तीन व्यास आणि त्याच्या तीन जागा घेतल्या की ४ × ३ × ३ = ३६ पर्याय होतात. प्रत्येक पर्याय स्वतंत्र, म्हणून प्रत्येक पर्याय एका यंत्राला.

साधारण तीन लाख सेलची जाळी (गणनेसाठी कास्टिंगचे पाडलेले बारीक भाग), चार कोरचं यंत्र आणि फक्त घनीभवनाची गणना असा आवाका ठेवला तर एका पर्यायाला पाऊण तास धरून चालता येतं (स्वतःच्या यंत्रावर मोजून खात्री करा). ३६ पर्यायांचे एका यंत्रावर २७ तास होतात. बारा यंत्रांवर तीन फेऱ्या, म्हणजे सव्वादोन तास. मोल्ड भरण्याची पूर्ण गणना महाग असते. ती छत्तीसमधून निवडलेल्या शेवटच्या दोन पर्यायांसाठीच करा.

तुकड्याच्या, म्हणजे एका जॉबच्या, लांबीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बऱ्याच संशोधन प्रकल्पांचं गणित चुकतं. एचटीकाँडॉरमध्ये काम आणि यंत्र जुळवण्याची फेरी मुळात साठ सेकंदांनी होते. दहा-वीस सेकंदांचे जॉब टाकले तर यंत्रं कामापेक्षा वाट बघण्यातच वेळ घालवतात. उलट सहा तासांचा जॉब पहाटे पाचला यंत्र बंद पडल्यामुळे गेला तर सकाळी आठची वेळ हुकतेच. वीस ते साठ मिनिटांचा तुकडा सर्वांत सोयीचा. पाऊण तासाचा जॉब मेला तर तो दुसऱ्या यंत्रावर शून्यापासून चालवायचा, मधली स्थिती साठवण्याची गुंतागुंत करायची नाही. प्रबंधात या चेकपॉइंटिंगवर अख्खं प्रकरण असेलही, पण विक्रीच्या पहिल्या आवृत्तीत ते नसलेलं बरं.

एक प्रश्न ग्राहक विचारणारच: 'एक दणकट वर्कस्टेशनच घेतलं तर?' प्रश्न रास्त आहे आणि खरा स्पर्धक तोच आहे. ३२ कोरचं एक यंत्र वरच्या उदाहरणातलं काम एका रात्रीत संपवू शकतं. महिन्याला एक-दोनच नवी कास्टिंग असतील आणि यंत्र सांभाळणारा माणूस हाताशी असेल, तर ग्राहकाला तसं प्रामाणिकपणे सांगा. आपलं गणित जमतं ते एकाच रात्री चार-पाच फाउंड्रींची कामं येतात तेव्हा, किंवा ज्या फाउंड्रीकडे जाळी बनवणारा आणि निकाल वाचणारा इंजिनिअरच नाही तिथे. या पट्ट्यात दुसऱ्या प्रकारचे ग्राहक जास्त आहेत.

लॅबची मांडणी

सामान असं: वीस लॅब संगणक (चार कोर, ८ जीबी रॅम, एसएसडी), एक मध्यवर्ती यंत्र (१६ जीबी रॅम, आरशासारख्या जोडीत लावलेल्या १ टीबीच्या दोन एसएसडी), २४ पोर्टचा गिगाबिट स्विच, मध्यवर्ती यंत्र आणि स्विच यांच्यापुरता १ केव्हीएचा यूपीएस. वीसही यंत्रांना यूपीएस लागत नाही, कारण तुकडा मेला तर पुन्हा चालवता येतो. रांगेची नोंद ठेवणारं यंत्र मात्र पडता कामा नये.

केबल तपासण्यात एक अख्खा दिवस घाला. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. जुन्या लॅबमध्ये बऱ्याचदा चारच तारा क्रिंप केलेल्या सापडतात. नेटवर्क चालू दिसतं, पण १०० मेगाबिटवर. त्याचा परिणाम बघा. प्रत्येक पर्यायाचा कच्चा निकाल ४ जीबी धरला तर ३६ पर्यायांचे १४४ जीबी होतात. गिगाबिटवर सेकंदाला सुमारे ११० एमबी म्हणजे २२ मिनिटं, तर मध्यवर्ती यंत्राचीच केबल चार तारांची निघाली तर साडेतीन तासांहून जास्त. सव्वादोन तासांचं काम आणि त्यावर साडेतीन तासांची वाहतूक, असला प्रकार होतो.

केबल नीट केली तरी कच्चा निकाल हलवू नका. सच्छिद्रतेचा नकाशा, तापमानाचे छेद आणि पाच-सहा चित्रं ज्या यंत्रावर गणना झाली तिथेच काढून घ्या आणि फक्त ते साधारण ५० एमबी परत पाठवा. ३६ पर्यायांचे मिळून १.८ जीबी होतात, पाव मिनिटाचं काम. कच्ची फाइल तिथल्या तिथे पुसा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या रात्री डिस्क भरते आणि जॉब विनाकारण पडू लागतात.

रात्रीची कार्यपद्धती आम्ही अशी सुचवतो. दिवसाचं विंडोज तसंच राहू द्या. रात्री नऊला मध्यवर्ती यंत्रानं वेक-ऑन-लॅननं (नेटवर्कवरून संदेश पाठवून) संगणक जागे करायचे, ते नेटवर्कवरून लिनक्स घेऊन सुरू होतील, आणि डिस्कवरच्या वेगळ्या ५० जीबीच्या भागातच लिहितील. सकाळी सातला पुन्हा विंडोज. यात विद्यार्थ्यांच्या फाइलींना हात लागत नाही, आणि लॅबमध्ये बसवलेलं 'रीस्टार्ट झाला की सगळं पूर्ववत' करणारं सॉफ्टवेअर आपलं काम पुसत नाही. विंडोजवरच जॉब चालवले तर मध्यरात्रीचं अपडेट, आपोआप झोपी जाणं आणि अनोळखी प्रोग्राम म्हणून सॉल्व्हर उचलून ठेवणारा अँटिव्हायरस, या तिघांशी रोज झगडावं लागतं.

बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) तीन गोष्टी प्रत्येक यंत्रावर जाऊन करायच्या: वेक-ऑन-लॅन चालू, नेटवर्क बूटला पहिला क्रम, आणि वीज गेल्यावर परत आली की यंत्र आपोआप सुरू. तिसरी विसरली तर रात्री दोनला दहा मिनिटं वीज गेली की पुढचे पाच तास लॅब अंधारात. वीसही यंत्रं एकाच क्षणी जागी करू नका. चार-चारच्या गटांनी मिनिटा-मिनिटाच्या अंतरानं करा, म्हणजे बूट अडकत नाही आणि लॅबच्या एमसीबीवर एकदम भार येत नाही.

एचटीकाँडॉर बसवताना मध्यवर्ती यंत्रावर संकलक, जुळवणारा आणि रांग हे तिन्ही भाग ठेवले तरी वीस यंत्रांना पुरतं. पोर्ट ९६१८ लॅबच्या आत उघडा आणि बाहेरच्या इंटरनेटला पूर्ण बंद ठेवा. लॅबचं वेगळं व्हीलॅन (बाकीच्यांपासून अलग केलेलं नेटवर्क) करा. यंत्रांना स्थिर आयपी द्या, कारण पत्ते बदलले की यंत्रं यादीतून गायब होतात आणि कारण शोधण्यात दिवस जातात. सगळ्यांची घड्याळं मध्यवर्ती यंत्राशी जुळवा. जॉबच्या फाइलमध्ये कोर, मेमरी आणि डिस्क किती लागेल ते स्पष्ट लिहा, पुन्हा प्रयत्न तीन ठेवा, आणि दोन तासांपेक्षा जास्त चाललेला जॉब आपोआप रोखला जाईल असा नियम घाला. घनीभवनाची गणना फिसकटली तर ती कधीच संपत नाही आणि एक यंत्र अडवून बसते.

रात्री काय बिघडतं

एखादं मंद यंत्र सगळ्यांना अडवतं. पंख्यात धूळ बसलेलं यंत्र तापतं, प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो, आणि पाऊण तासाचा जॉब दोन तास घेतो. मोठं काम अनेक यंत्रांवर वाटण्याच्या पद्धतीवरच्या, गूगलच्या २००४ च्या मॅपरिड्यूस पेपरमध्ये यावरचा उपाय आहे: काम संपत आलं की रेंगाळलेल्या तुकड्यांची दुसरी प्रत मोकळ्या यंत्रावर सुरू करायची आणि जी आधी संपेल ती घ्यायची. हा उपाय बंद ठेवला तेव्हा त्यांच्या सॉर्टच्या चाचणीला ४४ टक्के जास्त वेळ लागला. वीस यंत्रांच्या लॅबलाही हे लागू होतं, आणि पंधरा-वीस ओळींच्या स्क्रिप्टमध्ये करता येतं. सोबत एप्रिलआधी सगळे पंखे ब्लोअरनं साफ करा. वीस यंत्रं पूर्ण भारावर प्रत्येकी १२० वॅट धरली तरी २.४ किलोवॅट उष्णता बंद खोलीत साठते. उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवून हे चालणार नाही, एक्झॉस्ट पंखा लावा.

चुकीचा निकाल गुपचूप येतो, आणि तो बंद पडलेल्या यंत्रापेक्षा वाईट. लॅबच्या संगणकांत चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी नसते. परग्रहावरच्या सजीवांचे संकेत शोधण्यासाठी १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेटी अ‍ॅट होमसारख्या प्रकल्पांना अनोळखी लोकांची यंत्रं वापरायची होती, म्हणून एकच तुकडा एकापेक्षा जास्त यंत्रांवर चालवून निकाल ताडण्याची पद्धत रुळली. आपल्याला सगळं दुप्पट चालवण्याची गरज नाही. प्रत्येक रात्री दोन तुकडे दोन वेगळ्या यंत्रांवर चालवा, आणि ज्या पर्यायाची शिफारस करणार तो हमखास दोनदा चालवा. दोन पिढ्यांच्या प्रोसेसरवर शेवटचे दशांश जुळत नाहीत. ते चालतं. सच्छिद्रतेची जागा बदलली तर चालत नाही, ते यंत्र मेमरी-चाचणीला काढा.

परीक्षांचे दिवस आधीच कॅलेंडरवर लिहा. सीईटी आणि इतर ऑनलाइन परीक्षांसाठी लॅब घेतल्या जातात, आदल्या दिवशीच बंद होतात, आणि त्या काळात यंत्रांना हात लावता येत नाही. त्या रात्रींसाठी क्लाउडचा पर्याय तयार आणि चाचणी केलेला हवा. अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे. तिथली स्वस्तातली स्पॉट यंत्रं दोन मिनिटांच्या सूचनेवर काढून घेतली जातात, पण आपला तुकडा पाऊण तासाचा आणि पुन्हा चालवण्याजोगा असल्यानं त्याचं फारसं बिघडत नाही. लहान तुकड्यांचा हा आणखी एक फायदा. ग्राहकाचा डेटा बाहेर न्यायला त्याची लेखी परवानगी मात्र आधी घ्या.

सांगलीत मध्यवर्ती यंत्र तळमजल्यावर ठेवू नका. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना कारण सांगायला नको. निकालांची आणि रांगेच्या नोंदींची प्रत रोज दुसऱ्या गावातल्या यंत्रावर जाऊ द्या.

वचन किती द्यायचं

लागोपाठ तीस रात्री लॅब चालवा आणि दर रात्री प्रत्यक्षात किती यंत्र-तास मिळाले ते नोंदवा. कागदावर वीस यंत्रं × दहा तास म्हणजे २०० यंत्र-तास. बंद पडलेली, तापलेली, वीज गेलेली यंत्रं धरून हातात बरेच कमी येतात. सर्वांत वाईट पाच रात्री निवडा, त्या पाचांचीच सरासरी घ्या, आणि त्याच्या ६० टक्क्यांपर्यंतच कामं स्वीकारा. उरलेली जागा पुन्हा चालवण्याच्या तुकड्यांसाठी.

करारात वेळ अशी लिहा: 'सायंकाळी ६ पर्यंत मंजूर झालेली जाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला अहवाल.' घड्याळ ड्रॉइंग मिळाल्यापासून सुरू करू नका, जाळी मंजूर झाल्यापासून करा. ड्रॉइंग अपुरं असणं, फिलेट (कोपऱ्याची गोलाई) नसणं, पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेषा) न दाखवलेली असणं यात दिवस जातात, आणि तो दोष संगणनावर येतो.

रात्री दहा, दोन आणि सहा वाजता एका ठरलेल्या माणसाच्या मोबाइलवर तीन आकडे जावेत: झालेले तुकडे, उरलेले तुकडे, जिवंत यंत्रं. दोनच्या संदेशात निम्मं काम झालेलं नसेल तर क्लाउडवर उरलेलं टाकायचं, हा निर्णय आधीच लिहून ठेवलेला हवा. झोपेतून उठलेल्या माणसाला विचार करायला लावू नये. सकाळी सातला फोन कोण उचलणार, त्याचं नाव आणि नंबर ग्राहकाकडे हवा. 'विभागाला मेल करा' या उत्तरावर फाउंड्री दुसऱ्यांदा येत नाही.

ग्राहकाचा विश्वास

फाउंड्रीकडचं ड्रॉइंग बहुतेक वेळा तिचं नसतंच. ते मोठ्या वाहन किंवा पंप कंपनीचं असतं, आणि फाउंड्रीनं गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. २००० च्या सुमारास अमेरिकेत युनायटेड डिव्हायसेससारख्या कंपन्या लोकांच्या घरच्या रिकाम्या संगणकांवर गणना करायला निघाल्या होत्या, पण उद्योगांना हवी असलेली सोय शेवटी कंपनीच्या आतल्याच संगणकांवर द्यावी लागली. ही अडचण सांगलीतही तशीच आहे. म्हणून तीन गोष्टी पाळा. फाइलला ग्राहकाचं किंवा पार्टचं नाव द्यायचं नाही, फक्त क्रमांक. लॅबच्या यंत्रांवर संपूर्ण ड्रॉइंग न जाता फक्त जाळी जाईल, आणि रात्रीच्या लिनक्सवर विद्यार्थ्यांची खाती नसतील. अहवालानंतर सात दिवसांनी सगळं पुसायचं आणि पुसल्याची नोंद ग्राहकाला द्यायची.

'बरोबर' हा शब्द सिद्ध करण्याचा आम्हाला माहीत असलेला सर्वांत खणखणीत मार्ग म्हणजे करवत. फाउंड्रीच्या रिजेक्शनच्या ढिगातून वेगवेगळ्या पार्टची पाच कास्टिंग निवडायला सांगा. दोष कुठे आहे ते त्यांनी सांगायचं नाही. तुम्ही सिम्युलेशनवरून संकोच-पोकळीची (धातू थिजताना आकसून पडणाऱ्या पोकळीची) जागा खडूनं आखायची, आणि मग त्यांच्याच शॉपमध्ये, त्यांच्या क्वालिटीच्या माणसासमोर कापायचं. पाचपैकी चार जागा जुळल्या तर पुढे जायचं, असं आधी लिहून घ्या. जुळल्या नाहीत तर बहुधा संगणन चुकलेलं नसतं. वाळू आणि धातू यांच्यातल्या उष्णतावहनाचा आकडा पुस्तकातला घेतलेला असतो. स्थानिक 'हिरव्या' वाळूचा (ग्रीन सँड, म्हणजे मोल्डची ओलसर वाळू) ओलावा आणि मोल्डची घट्टता वेगळी असते. एका चाचणी ओतकामात दोन थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) बसवून तापमानाची रेषा घ्या आणि आकडा त्यावरून बसवा. हे काम दोन-तीन दिवसांचं आहे आणि ते टाळून कोणी यशस्वी झाल्याचं दिसत नाही.

प्रत्येक अहवालावर सॉल्व्हरची आवृत्ती, जाळीचा क्रमांक, मिश्रधातूचे गुणधर्म आणि तारीख छापा. सहा महिन्यांनी 'तुम्ही तेव्हा असं सांगितलं होतं' हा फोन येतो. तेव्हा तोच निकाल पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे.

दर

कोर-तासावर (प्रोसेसरचा एक कोर, एक तास) दर लावू नका. फाउंड्रीला कोर म्हणजे वाळूचा कोर. दर प्रति कास्टिंग लावा.

स्वतःचा खर्च आधी मांडा. एका पर्यायाला १२० वॅटचं यंत्र पाऊण तास, म्हणजे ०.०९ युनिट. ३६ पर्यायांचे सव्वातीन युनिट. दहा रुपये युनिट धरला तरी वीज तीस-पस्तीस रुपयांची. संगणन जवळजवळ फुकट आहे. खर्च आहे तो जाळी बनवण्याच्या तीन तासांचा, अहवालाच्या दोन तासांचा आणि ग्राहकाशी बोलण्याच्या वेळेचा. पाच-सहा इंजिनिअर-तास, यंत्रांची झीज, कॉलेजचा वाटा आणि परवाने मिळवून दर ठरतो. यातून दिशा कळते: पैसा वाचवायचा असेल तर आणखी यंत्रं जोडण्यापेक्षा जाळी आपोआप बनवण्यावर मेहनत घ्या.

ग्राहकाचा फायदा त्याच्या हिशोबात दाखवा. १२ किलोचं कास्टिंग, महिन्याला १,००० नग, ८ टक्के रिजेक्शन, म्हणजे ९६० किलो धातू पुन्हा वितळवायचा. इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण ६५० युनिट धरले तर ६२४ युनिट, नऊ रुपयांनी सुमारे ५,६०० रुपये, फक्त वितळवण्याच्या विजेचे, दर महिन्याला. वाळू, कोर, मजुरी, मशीनिंगनंतर उघडा पडलेला दोष आणि हुकलेली डिलिव्हरी वेगळी. हे आकडे त्याच्या वहीतले घाला, आपले नव्हे.

चाचणी फुकट करू नका. फुकट कामाला चांगलं ड्रॉइंग मिळत नाही, आणि कापायला कास्टिंगही मिळत नाहीत. कमी दर लावा, पण पावती फाडा.

बिल कॉलेजच्या नावे की कंपनीच्या, हे संस्थेच्या व्यवस्थापनाशी आणि सीएशी बोलून ठरवा. शैक्षणिक विश्वस्त संस्थेला असं उत्पन्न वेगळ्या हिशोबात ठेवावं लागतं, आणि लॅब अनुदानातून उभी राहिली असेल तर व्यावसायिक वापराला लेखी मंजुरी लागते. आमचा कल छोट्या वेगळ्या कंपनीकडे आहे. तिनं लॅबचे रात्रीचे तास कॉलेजकडून करारानं घ्यायचे आणि वीज स्वतंत्र सबमीटरवर मोजायची. या सेवेवर जीएसटी १८ टक्के, आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाखांची. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती पहिल्या बिलाआधी करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. आयकराच्या नियमांतही मुदत उलटून वर्षअखेरीलाही थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये ग्राहकाचा सीएच आपली बाजू घेतो. उद्यम क्रमांक बिलावर छापलेला हवा.

तीन-चार ग्राहक झाल्यावर

टोरांटो विद्यापीठाच्या यूटोपिया या वितरित संगणनाच्या प्रकल्पातून १९९२ मध्ये प्लॅटफॉर्म कंपनी निघाली आणि २०१२ मध्ये आयबीएमकडे गेली. विस्कॉन्सिन विद्यापीठातला काँडॉर (आजचं एचटीकाँडॉर) १९८८ पासून विद्यापीठातच राहिला, मुक्त राहिला आणि आजही चालतो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, आणि दोन्हीकडे रोजचे वापरकर्ते अडल्यावर विचारायला माणूस होता. म्हणून चौथा ग्राहक घेण्याआधी दुसरा माणूस तयार करा. एकट्या पीएच.डी. विद्यार्थ्याच्या डोक्यात असलेली यंत्रणा त्याच्या नोकरीबरोबर निघून जाते. कसोटी सोपी आहे: मूळ माणूस आठवडाभर रजेवर, फोन बंद, आणि दुसऱ्यानं फक्त लिहिलेल्या टिपणावरून पाच रात्री चालवायच्या. जिथे तो अडेल तिथे टिपण अपुरं आहे.

मोठ्या फाउंड्रीला पुढे स्वतःच्या डिझाइन विभागातल्या दहा-बारा संगणकांवर हीच यंत्रणा हवी असते, म्हणजे डेटा दाराबाहेर जाणार नाही. ती द्या, पण वार्षिक देखभालीच्या करारासह. तिथे जीपीएलचा कोड सोबत द्यायचा, बायोसच्या त्याच तीन गोष्टी पुन्हा करायच्या, केबलच्या आठ तारा पुन्हा मोजायच्या, आणि तीस रात्रींची मोजणी त्यांच्या जागेवर नव्यानं घ्यायची. रात्रपाळी असलेल्या कारखान्यात डिझाइन विभागाचा एसी दहाला बंद होतो. तो चालू ठेवायचा की नाही, हे सही करण्याआधी विचारून घ्या.